क्रीटच्या किनाऱ्यावर फेर धरताना

क्रीट बेटावर दोन मोठे विमानतळ आहेत. इराक्लिओच्या विमानतळाला निकोस काझान्झाकिस या लेखकाचं नाव दिलंय, तर हानियाच्या विमानतळाला दास्कालोयानिस या बंडखोराचं. लेखकाच्या कादंबरीवर निघालेल्या सिनेमाने जगाला एक ‘ग्रीक नाच’ दिला, जो त्याआधी खुद्द ग्रीसमध्ये कुणाला येत नव्हता. बंडखोराच्या उठावाशी क्रीटचे लोक आपला सगळ्यात जोशातला नाच जोडतात. आम्ही पहिल्या विमानतळावर उतरलो आणि आठवड्याने दुसऱ्यावरून परत निघालो. मधले दिवस नाचण्यात गेले.

‘आम्ही’ म्हणजे मी आणि माझी मोठी जाऊ. आमचं घर चार पिढ्यांपासून बडोद्यात. घरात मराठी बोलतो, पण नवरात्र आलं की पाय गुजराती होतात. वहिनी तर फ्रॉकमध्ये होत्या तेव्हापासून गरब्यात. दोन वर्षांपूर्वी माझे मोठे दीर गेले आणि त्यानंतरच्या दोन्ही नवरात्रांत वहिनी घरात बसून राहिल्या. त्यांना कुणी अडवलं नव्हतं. पण ‘चला’ असंही कुणी म्हटलं नाही, आणि त्या ‘कुणी’मध्ये मीही होते.

जर्मनीत नोकरी करणाऱ्या माझ्या पुतण्याने आईच्या एकसष्टीला हे नाचाचं शिबिर भेट दिलं आणि सोबत म्हणून मला जोडून दिलं. वहिनींची पहिली प्रतिक्रिया अपेक्षितच होती. “अगं, गुडघा बघ माझा. आणि या वयात समुद्रावर जाऊन नाचायचं? लोक काय म्हणतील?”

“कुठले लोक? तिथे आपल्याला ओळखतं कोण?” मी म्हटलं. तेव्हा हे उत्तर मला फार हुशारीचं वाटलं होतं.

आधी मातीचे नर्तक, मग किनारा

क्रीट हे ग्रीसचं सगळ्यात मोठं बेट. पूर्व-पश्चिम लांबी सुमारे २६० किलोमीटर, पण रुंदी काही ठिकाणी जेमतेम १२. मधोमध डोंगरांचा कणा, त्यातलं सर्वात उंच शिखर प्सिलोरितिस २,४५६ मीटरचं. मोठी शहरं, मोठी हॉटेलं, हमरस्ता हे सगळं उत्तर किनाऱ्यावर. दक्षिण किनारा मात्र आफ्रिकेकडे तोंड करून बसलेला, लहान गावांचा आणि वाऱ्याचा. आमचं शिबिर दक्षिणेला प्लाकियास इथे होतं.

त्याआधी इराक्लिओमध्ये एक दिवस मुक्काम केला तो तिथल्या पुरातत्त्व संग्रहालयासाठी. तुम्ही नाचासाठी क्रीटला जाणार असाल तर हे संग्रहालय चुकवू नका. गर्दी असते ती मिनोअन काळातल्या रंगीत भित्तिचित्रांपुढे. आम्ही शोधत होतो दोन छोटी मातीची शिल्पं. पालाइकास्त्रोला सापडलेल्या शिल्पात बायका हात पसरून अर्धगोलात नाचताहेत आणि मध्ये एक जण तंतुवाद्य वाजवतेय. दुसरं शिल्प कामिलारीच्या थडग्यात सापडलेलं. त्यात चार नर्तक एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून गोल फेर धरून आहेत. ही माती तीन हजारांहून अधिक वर्षांची. घडवणाऱ्याचा हात काही फार सफाईदार नाही, बोटांनी दाबून केल्यासारखी माणसं आहेत. पण खांद्यावरचे हात अगदी घट्ट. वहिनी काचेपाशी बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “थडग्यात ठेवायला नाचणारी माणसं केली यांनी?”

दुसऱ्या दिवशी बसने रेथिम्नो आणि तिथून दुसऱ्या बसने डोंगर ओलांडून प्लाकियास. वाटेत कुर्तालिओतिको ही अरुंद घळ लागते. दोन्ही बाजूंना उभे कडे आणि मधून शीळ घालणारा वारा. घळ संपली की एकदम निळा समुद्र उघडतो. प्लाकियासचा किनारा किलोमीटरभराहून जास्त लांब, करड्या-पिवळ्या वाळूचा. जवळच दाम्नोनीसारखे छोटे किनारे आहेत आणि थोडं पुढे प्रेवेली, जिथे नदी खजुरीच्या झाडांच्या राईतून येऊन समुद्राला मिळते. २०१० च्या आगीत ही राई जळाली होती. तीच झाडं पुन्हा फुटून हिरवी झाली आहेत, काही बुंध्यांवर काळे डाग अजून दिसतात.

वाळूवर नाच शिकवत नाहीत

जाहिरातींमधल्या फोटोंत सूर्यास्ताच्या वेळी वाळूवर गिरक्या घेणाऱ्या मुली असतात. प्रत्यक्षात कुठलाही शहाणा शिक्षक वाळूवर पावलं शिकवत नाही. पाय रुततो, घोटा मुरगळतो, गुडघ्यावर ताण येतो. आमचा वर्ग द्राक्षवेलीच्या मांडवाखाली, गुळगुळीत फरशीच्या अंगणात भरायचा. समुद्र समोर दिसत होता एवढंच.

दिवसाचा क्रम सोपा होता. सकाळी उन्हं चढायच्या आत दोन तास नाच. मग समुद्र. दुपारी जेवण आणि झोप, कारण दुपारी दोन ते पाच गावातसुद्धा सगळं सामसूम असतं. संध्याकाळी पुन्हा दीड तास, या वेळी खऱ्या वादकांसोबत. आम्ही चौदा जण होतो. जर्मन, डच, दोन इंग्रज बहिणी, एक फ्रेंच निवृत्त शिक्षक आणि आम्ही दोघी. वयं तिशीपासून सत्तरीपर्यंत. शिकवणारं जोडपं गावचंच होतं, दोघंही पन्नाशीतले.

पहिल्याच सकाळी शिक्षिकेने सगळ्यांना बूट दाखवायला सांगितले. माझे महागातले स्पोर्ट्स शूज नापास झाले. त्यांचा तळ जमिनीला पकडून ठेवतो, वळताना पाऊल अडकतं आणि पीळ गुडघ्याला बसतो. वहिनींच्या साध्या चामडी तळाच्या सपाट चपला मागून पट्टा असल्यामुळे पास झाल्या. गुडघ्याचं दुखणं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. “उड्या नकोत, बाकी सगळं चालेल,” असं शिक्षिकेने ठरवून टाकलं. बडोद्याच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं, फक्त त्यांच्या तोंडी ते मनाई करणारं वाटलं होतं.

हात धरला की चूक दोघांची

गरब्यात आपण गोलात फिरतो, पण आपापले. टाळी चुकली तर आपली चुकते. क्रीटमध्ये हात धरलेले असतात आणि मग सगळं बदलतं. माझं पाऊल चुकलं की शेजारच्या डच बाईंच्या खांद्याला हिसका बसायचा. मधूनच पाणी प्यायला निघून जाता येत नाही, कारण साखळी तुटते. गोल मात्र गरब्यासारखाच घड्याळाच्या उलट दिशेने सरकतो, त्यामुळे उजवीकडे जायचं हे आम्हा दोघींना कुणाला सांगावं लागलं नाही. आमची तेवढीच काय ती आघाडी.

सुरुवात झाली सिगानोसने. नावाचा अर्थच संथ. लग्नात बहुतेकदा याच नाचाने फेर सुरू होतो. शेजाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून छोटी छोटी पावलं टाकायची. पावलं दहा मिनिटांत जमतात. वहिनींना जड गेलं ते खांद्यावर हात ठेवणं. त्यांच्या डाव्या बाजूला सव्वासहा फुटी जर्मन गृहस्थ होते. वहिनींचा हात त्यांच्या खांद्यापर्यंत पोचत नव्हता आणि पोचावा अशी वहिनींची इच्छाही दिसत नव्हती. शेवटी मी मध्ये शिरले. हात न पोचण्याची अडचण तशीच राहिली, संकोच तेवढा कमी झाला.

मग आला सिर्तोस, हानियाच्या बाजूचा. हात खांद्याच्या उंचीवर, कोपरात वाकवून धरलेले. पावलं जमिनीलगत घसरत जातात. हा नाच दिसतो सोपा, पण याची गंमत पहिल्या माणसात आहे. उजव्या टोकाला जो असतो तो फेराचा म्होरक्या. बाकीचे ठरलेली पावलं टाकत राहतात आणि तो त्या आधारावर आपली करामत दाखवतो, गिरक्या घेतो, तळव्याने बुटावर चापट मारतो. थोड्या वेळाने तो मागे जातो आणि दुसरा पुढे येतो. आपल्याकडे जसं भजनात एकाने आळवायचं आणि बाकीच्यांनी ध्रुपद धरून ठेवायचं, साधारण तसं. ध्रुपद धरणारे नसतील तर आळवणारा कुणाच्या जोरावर आळवणार?

रेथिम्नो भागातला सूस्ता हा जोडीचा नाच. समोरासमोर उभं राहून, हलके झोके घेत, थोडा लटका रुसवा-फुगवा. इराक्लिओच्या बाजूचा मालेविझिओतिस वेगवान, उड्यांचा. या दोन्हींच्या वेळी वहिनी भिंतीकडेच्या बाकावर बसायच्या आणि टाळ्या द्यायच्या.

आणि पेंतोझाली. खांद्यावर हात, वेग वाढत जाणारा, पाय हवेत. पूर्वी हा मुख्यतः पुरुषांचा होता, आता बायकाही पुढे असतात. ‘पेंते’ म्हणजे पाच आणि ‘झालो’ म्हणजे पाऊल. नाचात पावलं पाचच नसतात, मग नाव असं का? लोक सांगतात ती कथा दास्कालोयानिसची. स्फाकिया या डोंगरी भागातला हा श्रीमंत जहाजमालक. १७७० मध्ये त्याने ऑटोमन सत्तेविरुद्ध उठाव केला. रशियाची मदत येईल असा भरवसा होता, ती आली नाही. तो शरण गेला आणि १७७१ मध्ये इराक्लिओत त्याला हाल हाल करून मारलं. स्वातंत्र्याकडे टाकलेलं ते पाचवं पाऊल होतं, म्हणून पेंतोझाली, असं क्रीटचे लोक मानतात. इतिहासाचे पुरावे या कथेला किती साथ देतात हा वेगळा वाद. पण शिक्षकाने ती सांगितली तेव्हा आवाज खाली आणला होता, जणू घरातलीच गोष्ट सांगतोय.

संध्याकाळी येणारं वाद्य म्हणजे लीरा. तीन तारांचं, पेरूच्या आकाराचं, मांडीवर उभं धरून गजाने वाजवायचं. वादकाची बोटं जवळून पाहिली आणि चकित झाले. तो तार वरून दाबत नव्हता, नखाने बाजूने टेकवत होता. आपल्या सारंगीवाल्यांसारखं! सोबत लाऊतो नावाचं लांब मानेचं तंतुवाद्य ताल धरतं, वेगळा ढोल लागतच नाही. मधूनच कुणीतरी मांतिनाडा म्हणतं. ही दोन ओळींची यमकातली कविता, पंधरा-पंधरा अक्षरांची, बऱ्याचदा तिथल्या तिथे रचलेली. प्रेम, टोमणा, आठवण, काहीही चालतं. मी शिक्षिकेला आपल्या उखाण्यांबद्दल सांगितलं. तिने लगेच एक म्हणायला लावला. तो अख्ख्या वर्गाला कळला नाही, पण शेवटचं नाव घेताना मी लाजले हे सगळ्यांना कळलं.

सिनेमातला नाच

तिसऱ्या रात्री अंगणात पांढरी चादर बांधून ‘झोर्बा द ग्रीक’ दाखवला. १९६४ चा कृष्णधवल सिनेमा, प्रमुख भूमिकेत अँथनी क्विन, संगीत मिकिस थिओडोराकिस यांचं. तुम्ही सिनेमा पाहिला नसला तरी त्यातली धून नक्की ऐकली आहे. संथ सुरू होऊन वेग घेत जाणारी, शाळेच्या स्नेहसंमेलनापासून क्रिकेटच्या मैदानापर्यंत कुठेही वाजणारी.

त्या शेवटच्या नाचाला ‘सिर्ताकी’ म्हणतात आणि पर्यटक तो प्राचीन ग्रीक नाच समजून शिकायला मागतात. तो सिनेमासाठी बसवला गेला. नाव घेतलं सिर्तोसवरून, जणू ‘छोटा सिर्तोस’. नाच बसवणारे होते योर्गोस प्रोव्हियास. क्विनने पुढे सांगितलेला किस्सा असा, की चित्रीकरणाच्या वेळी त्याचा पाय मोडलेला होता. ठरल्याप्रमाणे उड्या मारणं शक्य नव्हतं, म्हणून तो वाळूवर पाय ओढत सरकत राहिला, आणि विचारलं तेव्हा हा इथला पारंपरिक नाच आहे अशी थाप मारली. ज्याच्यावरून झोर्बा घडला तो खरा झोर्बाही क्रीटचा नव्हता. काझान्झाकिस यांनी त्याच्यासोबत खाण चालवली ती ग्रीसच्या मुख्य भूमीवर, पेलोपोनीजमध्ये. कादंबरीत त्यांनी ती गोष्ट आपल्या जन्मबेटावर आणली.

हे सगळं मला शिक्षकाकडून ऐकताना मजा वाटत होती. सिनेमा सुरू झाल्यावर वाटेनाशी झाली. त्यात गावातली एक तरुण विधवा आहे. तिने काय करावं, कुणाकडे पाहावं हे सगळं गाव ठरवतं आणि शेवटी गावच तिचा जीव घेतं. पाहुण्यांसाठी सुट्टीत दाखवायचा सिनेमा म्हणून मला तो काही फार योग्य वाटला नाही. मी वहिनींना “जाऊया का खोलीत?” विचारलं. त्यांनी नुसता हात वर केला, थांब म्हणून.

त्याच सिनेमात झोर्बा आपल्या लहान मुलाच्या मृत्यूची आठवण सांगतो. सगळे रडत असताना तो उठून नाचायला लागला होता. लोक म्हणाले वेडा झाला. पण दुखणं थांबलं ते फक्त नाचण्याने, असं तो सांगतो.

रात्री अंथरुणावर पडल्यावर बऱ्याच वेळाने वहिनी बोलल्या. “पहिल्या नवरात्रात रात्रभर ढोल ऐकू यायचा गं. गादीवर पडल्या पडल्या पाय हलायचे माझे. मग मीच स्वतःला रागवायचे.”

मी काय बोलणार होते? ‘तिथे आपल्याला ओळखतं कोण’ असं म्हणणारी मीच. ओळखणाऱ्यांमध्येच तर त्यांना चला म्हणायला हवं होतं.

गावच्या जत्रेत

२१ मे हा ग्रीक चर्चच्या पंचांगात संत कॉन्स्टंटाइन आणि संत हेलन यांचा दिवस. असे संतांचे दिवस आले की त्या नावाच्या चर्चभोवती रात्री जत्रा भरते, तिला पानियिरी म्हणतात. सगळ्यात मोठ्या जत्रा १५ ऑगस्टला मदर मेरीच्या सणाला असतात, पण तेव्हा गर्दीही तशीच. आमचे शिक्षक आम्हाला डोंगरातल्या एका गावी घेऊन गेले. चौकात लांबच लांब टेबलं, कागदी आच्छादनं, आजोबांपासून मांडीवरच्या बाळापर्यंत सगळे हजर आणि लाउडस्पीकर आपल्याकडच्या मंडपाला लाजवेल असा.

इथे फेरात शिरण्याचे नियम आहेत. म्होरक्या आणि त्याच्या शेजारच्या माणसाच्या मध्ये कधीही घुसायचं नाही. शेपटाकडून जोडून घ्यायचं. एखाद्या कुटुंबाने वादकांकडून खास आपल्यासाठी नाच मागून घेतला असेल तर बाहेर थांबायचं. आणि शोकात असलेल्या घरातली माणसं सहसा नाचत नाहीत. म्हाताऱ्या बायका तर नवऱ्यामागे वर्षानुवर्षं काळे कपडे घालतात. हे शिक्षिकेने गाडीतच सांगितलं होतं. वहिनी खिडकीबाहेर बघत ऐकत होत्या.

तर वहिनी बसल्या नेमक्या एका काळ्या कपड्यांतल्या आजींशेजारी. दोघींना एकमेकींचा शब्द कळत नव्हता. आजींनी त्यांना बदाम दिले. वहिनींनी पर्समधून बडीशेप काढून दिली. आजींनी वहिनींच्या गळ्याकडे, हाताकडे, पिवळ्या कुडत्याकडे पाहिलं, बोटाने स्वतःचे काळे कपडे दाखवले आणि प्रश्नार्थक मान हलवली. वहिनींनी दोन बोटं दाखवली. दोन वर्षं. आजींनी दोन्ही हातांची बोटं उघडून मिटून पुन्हा उघडली. वीस.

फेरात सिगानोस सुरू झाला होता. मी शेपटाला होते, माझा डावा हात मोकळा. वळणावर आमचा फेर त्या बाकाजवळून सरकला तेव्हा मी हात पुढे केला आणि म्हटलं, “चला वहिनी.” त्या हलल्या नाहीत. आजींनी त्यांच्या पाठीवर तळवा ठेवला आणि ढकललं. अगदी हलकं नाही, चांगलंच.

वहिनी त्या रात्री दोन सिगानोस आणि तीन सिर्तोस नाचल्या. पेंतोझाली लागला तशा परत बाकावर जाऊन बसल्या. आजी स्वतः शेवटपर्यंत उठल्या नाहीत. मांडीवर बोटांनी ताल मात्र धरला होता.

तुम्हाला जायचं असेल तर

भूमध्य समुद्राच्या बेटांवर नाचाची शिबिरं ढिगाने आहेत. कुठे साल्सा, कुठे टँगो, कुठे योगासोबत डोळे मिटून मनाला येईल तसं नाचणं. किनारा सगळीकडे सुंदरच असेल, म्हणून पैसे भरण्याआधी प्रश्न नाचाबद्दल विचारा. रोज किती तास? जमीन कशी आहे, लाकूड, फरशी की सिमेंट? सिमेंट गुडघ्यांना वाईट. वादक प्रत्यक्ष असतात की स्पीकर? एकट्या बाईला खोली मिळते का आणि त्याचे जास्तीचे पैसे किती? शिकवणारे स्थानिक असतील आणि गावातल्या एखाद्या कार्यक्रमाला नेणार असतील तर थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील असं माझं मत.

भारतीयांना शेंगेन व्हिसा लागतो. मोठ्यांसाठी त्याची फी ९० युरो आहे, सेवा शुल्क वेगळं. किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण असलेला प्रवास विमा सक्तीचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. शेवटच्या पंधरा दिवसांपर्यंत थांबूच नका, मे-जूनमध्ये भेटीची वेळ मिळणंच कठीण होतं. अथेन्सहून क्रीटला विमान तासाभरात पोचतं. वेळ असेल तर पिरेअस बंदरातून रात्रीची बोट घ्या, सकाळी बेटावर उतरता. मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे नाचायला चांगले महिने. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन, गर्दी आणि उत्तरेचा जोरदार वारा. मे महिन्यात समुद्राचं पाणी मात्र गारच असतं. मी रोज कमरेपर्यंत जाऊन परत यायचे.

शाकाहारी लोकांची क्रीटमध्ये उपासमार होत नाही. पाण्यात भिजवलेल्या जवाच्या टोस्टवर टोमॅटो, मऊ चीज आणि ऑलिव्ह तेल घातलेला डाकोस आम्ही रोज खाल्ला. उकडलेल्या रानभाज्यांवर लिंबू-तेल घातलेलं होर्ता, भात भरलेले टोमॅटो आणि मिरच्या, बटाटा-दुधीसारखी भाजी घालून भाजलेलं बुरेकी, सगळंच आपल्या जिभेला रुचणारं. एक शब्द पाठ करून ठेवा, ‘निस्तीसिमो’. म्हणजे उपवासाचं. ग्रीक उपवासात मांस, अंडी, दूध काहीच नसतं. मात्र शिंपले आणि ऑक्टोपस चालतात, तेवढं विचारून घ्या. जत्रेत किंवा लग्नात पांढरा मऊ भात दिसला तर हुरळून जाऊ नका. तो मांसाच्या रश्शात शिजवलेला असतो. वहिनींनी ताट हातात घेतलंही होतं, शिक्षिका धावत आली. आणि जेवणानंतर राकीचे छोटे ग्लास आपोआप टेबलावर येतात. ती कडक दारू असते. नको असेल तर छातीवर हात ठेवून हसून नाही म्हणायचं, कुणाला राग येत नाही.

स्ताव्रोसच्या वाळूवर

शेवटच्या दिवशी विमान संध्याकाळचं होतं. हानियाचा विमानतळ आक्रोतिरी या द्वीपकल्पावर आहे आणि त्याच्याच उत्तर टोकाला स्ताव्रोसचा किनारा. झोर्बा नाचला तो हाच. गोलसर शांत खाडी आणि पलीकडे उभा उतरता डोंगर, सिनेमात दिसतो तसाच. फक्त आता छत्र्या आणि आरामखुर्च्या आहेत. दोन मुलं फोनवर तीच धून लावून एकमेकांचा व्हिडिओ काढत होती.

वहिनींनी चपला काढून माझ्याकडे दिल्या आणि पाण्याच्या कडेला ओल्या घट्ट वाळूवर गेल्या. पाठ माझ्याकडे होती. पावलं सिर्तोसची होती की गरब्याची ते मला इतक्या दुरून कळलं नाही. पंधरा-वीस पावलं गेल्या असतील, तेवढ्यात पुतण्याचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन त्यांच्या हातात दिला.

“काय आई, नाचलीस की नाही?”

“छे रे,” वहिनी म्हणाल्या. “नुसते पाय ओढले.”

मला हसू आलं. सिर्तोस या शब्दाचा अर्थ तोच आहे, ओढत नेलेला. पहिल्याच सकाळी शिक्षिकेने आम्हाला सांगितला होता.